घर पाहावे, मग कुत्रे द्यावे

नरसीचे नाव आपल्या हिंगोली जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? संत नामदेवांचे ते गाव. नामदेवांची एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नामदेव भाकरी खायला बसले होते. इतक्यात एक कुत्रे आले आणि भाकरी तोंडात धरून पळाले. नामदेव उठले, तुपाची वाटी घेतली आणि त्याच्या मागे धावले. देवा, कोरडी भाकरी खाऊ नका, थोडे तूप लावू द्या, असे ते त्याला विनवीत होते.

ही गोष्ट आम्ही रात्रीच्या वर्गात वाचली. पुस्तक मिटले. तेव्हा मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, "गुरुजी, मग नामदेवानं ते कुत्रं घरी नेलं का?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न डोक्यात राहिला. कुत्र्याला भाकरी टाकणे हे एका घडीचे काम. त्याला घरात घेणे हे बारा-तेरा वर्षांचे काम. नीट सांभाळले तर कुत्रे तेवढे जगते. आज पहिलीत असलेल्या पोराला मिसरूड फुटते, तोवर ते दारात असते. मग एवढ्या लांबच्या कामाला आधी विचार नको का? आम्ही एकदा तो केला नाही. त्याची ही हकीकत आहे.

२०२३ सालचा डिसेंबर महिना. कळमनुरी तालुक्यातले एक गाव. एसटीच्या थांब्यामागे एक कुत्री व्याली होती. तिला चार पिल्ले होती. एका पहाटे ती उसाच्या गाडीखाली सापडली. पिल्ले थंडीत कुडकुडत तिच्याजवळच बसून राहिली. वर्गातल्या बायांनी ती पोत्यात गुंडाळून वर्गाच्या ओट्यावर आणली.

पिल्लू किती दिवसांचे आहे, हे कसे ओळखावे? जन्मतः पिल्लाचे डोळे मिटलेले असतात. ते साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. नंतर दात पाहावेत. दोन महिन्यांपर्यंत दुधाचे २८ दात येतात. सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडतात आणि पक्के ४२ दात येतात. ओट्यावरच्या पिल्लांचे दुधाचे दात जवळजवळ पुरे झाले होते. म्हणजे ती दीड महिन्याची असावीत.

काही जण त्याच दिवशी पिल्लू मागायला आले. आम्ही म्हणालो, "दोन आठवडे थांबा." एवढे मात्र आम्ही बरोबर केले. दोन महिन्यांच्या आत पिल्लाला भावंडांपासून तोडू नये. पिल्ले एकमेकांशी मस्ती करतात, चावे घेतात. एकाने जोराने चावा घेतला की दुसरे केकाटते आणि खेळ सोडून जाते. त्यातून पहिले शिकते की, दात किती हलके लावायचे. ही त्यांची शाळाच असते. लवकर तोडलेले पिल्लू या शाळेत नापास होते, आणि मग आपल्या हाताचे लचके काढते.

दोन आठवडे आम्ही त्यांना भाकरी वरणात कुस्करून घातली. मऊ भात घातला. कोणी गाईचे दूध आणले. ते दोन पिल्लांना सोसले नाही, जुलाब लागले. पुढे दूध बंद केले. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जंताचे औषध दिले.

मग दोन दिवसांत तीन पिल्ले गेली. ती तिन्ही नर होती. राहिली ती कुत्री. रंगाने हळदीसारखी, कान उभे, शेपूट वळलेली. आलेला प्रत्येक जण शेपटी उचलून पाही आणि म्हणे, "कुत्री नको. वर्षाला दोनदा विते. पिल्लं कोण सांभाळंल?"

"मुलगी म्हणून ऱ्हायली माय ती," मागच्या ओळीतल्या मावशी म्हणाल्या. त्यावर वर्गात कोणी काही बोलले नाही.

संक्रांतीच्या सुमारास गावातले एक दुकानदार आले. "द्या मला. दुकानाला राखण होईल," म्हणाले. आम्ही लगेच दिली. काही विचारले नाही. घर पाहिले नाही. पिल्लाला जागा मिळाली, ओटा मोकळा झाला, याचाच आनंद. चूक झाली ती इथे, आणि ती आमची.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. दोन वेळा पोटभर खायला घालत होता. पण ते दुकान गावाच्या वाटेवर. दिवसभर गिऱ्हाईक. कुत्रीला पायरीशी दोन हात साखळीने बांधलेले. पोरे येत, शेपूट ओढत, खडा मारून पळत. घरातली माणसे दुकानात गुंतलेली. तिला फिरवायला कोणाला सवड नाही. एक-दीड महिन्याने आम्ही गेलो तेव्हा ती येणाऱ्या प्रत्येकावर गुरगुरत होती. "राखण चांगली करायलीय," दुकानदार कौतुकाने म्हणाले. आम्हीही मान हलवली. खरे तर ती राखण करीत नव्हती. ती भ्यालेली होती. भ्यालेल्या कुत्र्याला पळायला वाट असली तर ते पळते. साखळीला बांधलेल्या कुत्र्यापाशी दातांवाचून दुसरे काय उरते?

एप्रिल महिन्यात व्हायचे ते झाले. शेजारचे चार वर्षांचे लेकरू तिच्या थाळीतला बिस्किटाचा तुकडा उचलायला गेले. कुत्रीने हात धरला. रक्त आले.

लेकराची आजी धावली. तिने हातात चुना आणि तिखट आणले. गावाकडे अजून असे करतात. कोणी म्हणाले, मांत्रिकाकडे न्या, उतारा करतील. पण लेकराची आई आमच्या वर्गात येत होती. वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता आहे. तो तिने अक्षर अक्षर जोडून वाचलेला होता. तिने सासूबाईंचा हात धरला. "आत्याबाई, तिखट नगं. साबण द्या," म्हणाली. लेकराला नळाखाली धरले. वाहत्या पाण्यात साबण लावून जखम धुतली. दुकानातल्या घड्याळाकडे पाहत पूर्ण १५ मिनिटे धुतली. लेकरू रडत होते, माणसे "पुरे झालं" म्हणत होती. तिने ऐकले नाही. मग जखम बांधून न टाकता तशीच ठेवून सरकारी दवाखाना गाठला.

साबणाने काय होते? पिसाळण्याच्या रोगाचे विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतात. जखमेत लाळ जाते, तिच्याबरोबर ते जातात. साबणाने ते बरेचसे मरतात आणि पाण्याने वाहून जातात. जे आत राहतात, ते नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. कधी काही आठवड्यांत पोचतात, कधी काही महिन्यांत. या मधल्या वेळात लस घेतली तर माणूस वाचतो. एकदा का रोगाची लक्षणे दिसू लागली, पाण्याची भीती वाटू लागली, की मग जगात कोठेही खात्रीचा इलाज नाही. म्हणून कुत्रे चावले की त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. चुना, तिखट, हळद, तेल जखमेवर लावायचे नाही.

ही लस प्रथम फ्रान्स देशात दिली गेली. १८८५ सालच्या जुलै महिन्यात नऊ वर्षांच्या एका मुलाला पिसाळलेले कुत्रे चावले होते. त्याच्या आईने त्याला पॅरिस शहरात लुई पाश्चर यांच्याकडे नेले. पाश्चर यांनी त्याला लस दिली आणि मुलगा वाचला. पूर्वी आपल्याकडे पोटात १४ सुया घ्याव्या लागत. त्या धाकाने माणसे दवाखाना टाळीत. ती लस कधीच बंद झाली. आताची सुई दंडावर देतात, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. या लेकराला पहिल्या दिवशी सुई दिली. रक्त आले होते म्हणून जखमेच्या कडेनेही एक औषध टोचले. पुढच्या तारखा कार्डावर लिहून दिल्या. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा. मग ३ रा, ७ वा आणि २८ वा दिवस. त्या तारखा लेकराच्या आईने स्वतः वाचल्या आणि एकही चुकवली नाही.

इकडे गावात कुत्रीचा निवाडा सुरू झाला होता. "मारून टाका," असे एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "पोत्यात घाला आन् कयाधूच्या पल्याड सोडून या." दुकानदारांनी साखळी सोडून आमच्या हातात दिली. "तुमचं तुम्हाला लखलाभ," म्हणाले. त्यांचेही बरोबरच होते.

डॉक्टर म्हणाले, "तिला मारू नका, सोडूही नका. दहा दिवस नजरेखाली ठेवा." चावताना कुत्र्याच्या लाळेत रोग असला तर ते कुत्रे दहा दिवसांत आजारी पडून मरते. दहा दिवस ते धडधाकट राहिले, तर त्या चाव्यात रोग नव्हता असे समजते. अर्थात लेकराची लस त्यासाठी थांबवायची नसते. ती पहिल्याच दिवशी सुरू करायची. आम्ही कुत्रीला वर्गामागच्या खोलीत ठेवले. लांब काठीने थाळी आत सरकवत होतो. पहिले तीन दिवस तिने कोपरा सोडला नाही. चौथ्या दिवशी थाळी चाटूनपुसून साफ. दहाव्या दिवशी ती दारात बसून शेपूट हलवीत होती.

आता पुढे काय? नदीपलीकडे सोडायचे तर पाळलेले जनावर असे टाकून देणे हा गुन्हा आहे. १९६० सालच्या कायद्यात तसे लिहिले आहे. कायदा बाजूला ठेवा. पलीकडे काय माणसे राहत नाहीत? तिथल्या लेकरांनी काय केले आहे? शिवाय नव्या गावची कुत्री परक्या कुत्र्याला फाडून काढतात. आपली पीडा दुसऱ्याच्या दारात टाकायची, एवढेच ते काम.

त्या रात्री आम्ही वर्गात खडू घेतला आणि जे संक्रांतीला विचारायला हवे होते, ते फळ्यावर लिहिले. घरात दिवसभर कोण असते? लहान लेकरे किती? वर्षभर घर उघडे असते की कुलूप लागते? जागा किती? घरातल्या सगळ्यांना कुत्रे हवे आहे का? एकालाच हवे असले आणि बाकीचे तोंड फिरवीत असले, तर ते कुत्रे सुखी राहत नाही. मग दुसऱ्या बाजूला कुत्रीचे लिहिले. वय सहा महिने. अंगात दम फार. गर्दीची भीती. थाळीजवळ कोणी आलेले खपत नाही. दाव्याला बांधलेले आवडत नाही.

एका बाजूला घर आणि एका बाजूला कुत्रे. वधूवरांच्या पत्रिका मांडतो तसेच ते दिसत होते. फक्त इथे गुण आपणच पाहून जुळवायचे.

दोन घरे विचारायला आली. एक घर ऊसतोड मजुराचे होते. माणसे फार मायाळू. पण दसरा झाला की सहा महिने घराला कुलूप. त्यांना नाही म्हणताना आमच्या जिवावर आले. दुसरे एक आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, घरात एकटे. "सोबत होईल मला," म्हणाले. पण ही पोरसवदा कुत्री. एका हिसक्याला आजोबा पडले असते. त्यांना एखादे वयस्क, शांत कुत्रे शोभेल, असे आम्ही त्यांना सांगितले, आणि पुढे तसे एक दिलेही. ते आता दिवसभर त्यांच्या खाटेखाली झोपते.

मग मागच्या ओळीतल्या त्या मावशी उठल्या. त्यांचे घर गावात नाही, शेतात आखाड्यावर आहे. मुलगा आणि सून पुण्याला. आखाड्यावर काका आणि मावशी दोघेच. त्यांचे जुने कुत्रे दोन वर्षांमागे म्हातारे होऊन गेले होते. तेव्हापासून रानडुकरांनी वैताग आणला होता. मावशी म्हणाल्या, "आमच्याकडं माणसांची वर्दळ न्हाई. पळायला रान हाय. आमी चोवीस तास तिथंच असताव."

या खेपेला आम्ही घाई केली नाही. मुलाचा फोन आला, "गावठी कुत्रं कशाला? जर्मन आणू." काकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही सांगितले, दाट केसांचे थंड देशाचे कुत्रे आपल्या मे महिन्यात धापा टाकत राहते. गावठी कुत्रे याच उन्हातले. त्यात कमीपणा काय? मुंबईत टाटांची कचेरी आहे, बॉम्बे हाउस. तिथे रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी वेगळी खोली आहे. गोव्याहून आणलेले एक रस्त्यावरचे पिल्लू तिथे वाढले. त्याचे नावही 'गोवा'. रतन टाटांचा त्याच्यावर फार जीव. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटा वारले, तेव्हा त्या कुत्र्याला शेवटच्या दर्शनाला आणले होते. ही गोष्ट नंतरची, पण ती कळल्यावर काकांनी मुलाला मुद्दाम फोन करून सांगितली.

आखाड्यावर शेळ्या होत्या, कोंबड्या होत्या. कोंबडी पाहून कुत्री काय करील, हे कोण सांगणार? म्हणून आम्ही तिला दोरीने धरून दोनदा तिथे नेले. पहिल्या दिवशी ती कोंबड्यांकडे झेपावली. दोरी आखडून धरली. दुसऱ्या खेपेला मावशींनी कोंबड्यांना दाणे टाकले, आणि कुत्रीला लांब बसवून भाकरीचा तुकडा दिला. ती बसून राहिली. शेळ्यांना तर तीच घाबरली. चाव्याची गोष्टही आम्ही लपवली नाही. सगळी सांगितली. सुट्टीत नातवंडे येतात, तेव्हा काय करायचे, हेही ठरवले. ती खात असताना कोणी जवळ जायचे नाही. झोपलेली असताना हात लावायचा नाही. लहान लेकराला तिच्यापाशी एकटे सोडायचे नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला ती आखाड्यावर गेली. दुकानात तिचे नाव राणी होते. मावशींनी हळदी ठेवले.

पहिल्या तीन दिवसांत नवे कुत्रे बावरलेले असते. खात नाही, रात्री रडते. रागावू नये, फार लाडही करू नयेत. एका जागी पाणी, एका वेळी भाकरी. साधारण तीन आठवड्यांत त्याला घराची रीत कळते. आपले घर म्हणायला मात्र त्याला तीन-एक महिने लागतात. हळदीने पाचव्या रात्री रडणे थांबवले. दोन आठवडे ती लांब दोरीवर होती. मग काकांनी दोरी सोडली. ती बांधापर्यंत धावत गेली, थांबली आणि परत आली. "बगा, घर कळलं तिला," काका म्हणाले.

खाण्याला भाकरी, वरण, भात, कधी उकडलेले अंडे. कांदा, द्राक्षे, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषासारखे असते. शिजवलेल्या कोंबडीचे हाडही घालू नये. ते फुटून टोचते.

दहा दिवस पुरे होताच डॉक्टरांनी तिला पिसाळू नये म्हणून लस दिली होती. खरे तर पिल्लू तीन महिन्यांचे झाले की ही लस द्यायची असते. महिन्याने दुसरा डोस, मग दरवर्षी एक. पाऊस सुरू व्हायच्या आधी तिची नसबंदीही करून घेतली. कुत्री दोन महिने गाभण राहते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले देते. शस्त्रक्रियेनंतर ती विणार नाही. "कुत्री नको" म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात जी अडचण होती, ती एका दिवसात मिटली. टाके आठ-दहा दिवस कोरडे ठेवावे लागले, एवढेच. गल्लीतल्या मोकळ्या कुत्र्यांनाही हेच करून, लस टोचून, पकडले त्याच जागी सोडायचे असते. २०२३ च्या नियमांत तसे सांगितले आहे.

त्या पावसाळ्यात सोयाबीन हातभर वाढले. रानडुकरे आली. हळदी रात्रभर भुंकली, काका बॅटरी घेऊन उठले. डुकरे पूर्वीसारखी निर्धास्त आत शिरली नाहीत. थोडे नुकसान झाले. सगळे वाचले असे आम्ही म्हणणार नाही. ज्या लेकराला ती चावली होती, ते आता पाचीला लागले आहे. आईबरोबर ते एकदा आखाड्यावर गेले. लांब उभे राहिले. हळदीही लांबच बसून राहिली. त्यांची दोस्ती झाली नाही, आणि ती व्हावीच असा आमचा आग्रहही नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये वर्षाची लस द्यायची वेळ आली. आम्ही वहीत तारीख लिहून ठेवली होती. त्या तारखेला आठवण करायला जाऊ, असे ठरवून बसलो होतो. एका सकाळी पाहतो तर मावशी वर्गाच्या दारात. एका हातात हळदीची दोरी, दुसऱ्या हातात कार्ड.

"मावशी, अजून नऊ दिवस आहेत," आम्ही म्हणालो. "आमच्या वहीत २१ तारीख आहे."

मावशींनी चष्मा नाकावर नीट बसवला. कार्ड उन्हात धरले. बोटाने अंक दाखवला.

"गुरुजी, तुमी उलटं लिवलंय. आधी एक हाय, मग दोन. ही बारा तारीख. आज बाराच हाय न्हवं?"